एकच तर मॅच झालीय! लिव्हरपूल ते लीड्स : प्रीमियर लीगचा पहिला आठवडा

२०२५-२६च्या प्रीमियर लीगच्या पहिल्या फेरीचे दिवस आणि वेळा पक्क्या झाल्या तेव्हा नकाशावर एक सोयीची रेघ दिसत होती. शुक्रवारी रात्री लिव्हरपूल, शनिवारी दुपारी संडरलंड, रविवारी मँचेस्टर, सोमवारी रात्री लीड्स. सगळं उत्तर इंग्लंडात, आणि सगळं आगगाडीने जोडलेलं.

मैदानावर काय झालं ते हायलाइट्समध्ये कुणालाही दिसतं. स्टँडमध्ये काय चाललं होतं ते दिसत नाही, आणि पहिल्या आठवड्यात खरी मजा तिथेच असते. मेच्या अखेरीपासून लीगची मॅच नसते. असतात त्या अफवा, खरेदी-विक्री आणि सराव सामने. त्यामुळे पहिल्या मॅचनंतर चाहता जे बोलतो, त्यात त्या नव्वद मिनिटांपेक्षा गेल्या मोसमाचा आणि उन्हाळ्याचा हिशेब जास्त असतो. म्हणूनच जिंकलेले लोक कपाळाला आठ्या घालून घरी जातात आणि हरलेले टाळ्या वाजवतात.

तिकिटांचं आधीच सांगून टाकतो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. मोठ्या क्लबांची तिकिटं सहसा सरळ विक्रीला येत नाहीत. आधी क्लबचं सशुल्क सदस्यत्व घ्यायचं, मग सोडतीत नाव द्यायचं, तिथे नंबर लागला नाही तर क्लबच्याच अधिकृत पुनर्विक्रीवर नजर ठेवायची. सीझन तिकीटवाल्यांनी सोडलेल्या जागा मॅचच्या आदल्या दोन-तीन दिवसांत सुटतात, तेव्हा तिथे दिवसातून पाच-सहा वेळा डोकवावं. रस्त्यावर किंवा भलत्या वेबसाइटवर घेऊ नका. इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं हा १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये असल्याने फसलेल्याला गेटवरच कळतं. पाहुण्या संघाच्या बाजूची तिकिटं २०२५-२६मध्ये ३० पौंडांच्या वर जात नव्हती, पण ती त्या क्लबच्या जुन्या प्रवासी समर्थकांना गुणांनुसार मिळतात. तटस्थ माणसाने तो नाद सोडावा.

शुक्रवार, १५ ऑगस्ट : अ‍ॅनफिल्ड

लिव्हरपूलच्या या घरच्या मैदानावर बोर्नमथविरुद्धची मॅच रात्री आठला. पण शहरात गडबड साडेसहापासूनच, कारण फँटसी लीगची (खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा ऑनलाइन खेळ) मुदत पहिल्या मॅचच्या दीड तास आधी संपते. पबमध्ये पिंट हातात घेऊन कॅप्टन सालाह की हालांड यावर हातघाईवर आलेली माणसं म्हणजे मोसम सुरू झाल्याची पक्की खूण. त्या मोसमापासून फँटसीत बचावाच्या कामालाही गुण मिळू लागले. बचावपटूने टॅकल, अडवणूक, क्लिअरन्स असं मिळून दहाचा आकडा गाठला की दोन गुण. परिणाम असा, की एरवी कुणी ढुंकून न पाहिलेल्या क्लिअरन्सला स्टँडमध्ये अधूनमधून एकटीच टाळी पडते.

लाइम स्ट्रीट स्टेशनपासून अ‍ॅनफिल्ड साधारण तीन किलोमीटर. चढ आहे, पण चालत जाता येतं. नाहीतर मर्सीरेलने सँडहिल्स स्टेशन गाठायचं आणि तिथून मॅचच्या दिवशीची सॉकरबस. जाताना ती उत्तम. परतताना तिच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा उतार चालणं परवडतं. बॅग ए-४ कागदापेक्षा मोठी असेल तर हॉटेलातच ठेवा. आणखी एक : या शहरात ‘द सन’ हातात घेऊन फिरू नका. १९८९मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर त्या वर्तमानपत्राने चाहत्यांबद्दल जे छापलं, त्याचा बहिष्कार अजून चालू आहे. दुर्घटनेतल्या ९७ जणांच्या स्मारकापाशी थांबल्यावर कारण विचारायची गरज पडत नाही.

त्या दिवशी मैदानाबाहेर आणखी फुलं होती. लिव्हरपूलचा खेळाडू डिओगो जोटा आणि त्याचा भाऊ आंद्रे सिल्व्हा ३ जुलैला स्पेनमध्ये मोटार अपघातात गेले. मॅचआधी स्टँडमध्ये प्रेक्षकांनी रंगीत कार्डं उचलली आणि दोघांच्या नावांची अक्षरं व शर्टांचे क्रमांक, २० आणि ३०, उमटले. त्यात भाग घ्यायचा तर एवढंच लागतं : खुर्चीवर ठेवलेलं कार्ड हलवायचं नाही, सांगितल्यावर डोक्याच्या वर दोन्ही हातांनी ताठ धरायचं, आणि फोटो काढण्यासाठी एक हात सोडायचा नाही. एकाने सोडला की अक्षराला भोक पडतं, आणि मागच्या रांगेतून लगेच आवाज येतो. विसाव्या मिनिटाला जोटाचं गाणं. त्याचा २० नंबर क्लबने कायमचा निवृत्त केला आहे.

एकोणतिसाव्या मिनिटाला मॅच थांबली. बोर्नमथच्या अँत्वान सेमेन्योने प्रेक्षकांतून वर्णद्वेषी शेरा आल्याची तक्रार रेफ्रीकडे केली होती. लांबच्या स्टँडला काहीच कळत नव्हतं, दुखापत असेल असं वाटून लोक घड्याळं बघत होते. मग फोनवर बातमी आली आणि कुजबुजीचा सूर पालटला. संशयिताला बाहेर काढण्यात आलं, पुढे अटकही झाली. सेमेन्योने ६४व्या आणि ७६व्या मिनिटाला गोल करून २-० चं २-२ केलं. दुसरा गोल स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेऊन धावत येऊन केलेला. तो धावत असताना कॉपमधली (घरच्या कट्टर चाहत्यांचा स्टँड) माणसं नव्या बचावफळीला उद्देशून जे ओरडत होती, ते इथे लिहिण्याजोगं नाही.

मग ८८व्या मिनिटाला किएझा. बाकावरचा माणूस, फारसा खेळवलाच जात नव्हता, तरी गेल्या मोसमापासून लोकांचा लाडका. त्याचा लीगमधला लिव्हरपूलसाठीचा हा पहिलाच गोल, आणि आवाज विजेतेपद मिळाल्यासारखा. ज्यादा वेळेत सालाहने चौथा घातला. मॅच संपल्यावर कॉपसमोर जोटाचं गाणं पुन्हा सुरू झालं आणि सालाहला रडू आवरेना. कुणी जागचं हललं नाही.

आणि तरी उतारावरून शहराकडे जाणाऱ्या गर्दीत ४-२ चा आनंद दहा मिनिटंही टिकला नाही. विषय एकच : दोन्ही फुलबॅक (कडेचे बचावपटू) वर गेले की मागे उरतं कोण? एकितिकेने पदार्पणात गोल केला, गाक्पोने केला, आक्रमणाची चिंता नाही. पण अलेक्झांडर-अर्नॉल्ड रेआल माद्रिदला गेला, फ्रिम्पाँग आणि केर्केझ नवे, आणि बोर्नमथचे दोन्ही गोल मोकळ्या जागेत पळून झालेले. ८४ गुणांनी लीग जिंकलेल्या संघाच्या चाहत्यांना विजय पुरत नाही. त्यांना पुढच्या मे महिन्याची काळजी ऑगस्टमध्येच लागते. ती अगदीच अनाठायी होती असंही म्हणवत नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट : संडरलंड

लिव्हरपूलहून न्यूकॅसलला थेट गाडी आहे. मँचेस्टर, लीड्स, यॉर्क, डरहॅम करत तीन तासांच्या वर. वेस्ट हॅमविरुद्धची तीनची मॅच गाठायची तर नऊच्या आसपास निघावं. न्यूकॅसलला टाइन अँड वेअर मेट्रो पकडायची आणि अर्ध्या तासात सेंट पीटर्स स्टेशन. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घेतला असेल तर तो मेट्रोत बसल्यावर, न्यूकॅसल मागे पडल्यावरच बॅगेतून बाहेर काढा. या दोन शहरांचं वैर पर्यटकाला सूट देत नाही.

तीनची मॅच म्हटल्यावर एक गंमत. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचं थेट प्रक्षेपण बंद असतं, लोकांनी खालच्या लीगच्या मैदानांवर जावं म्हणून. म्हणजे ही मॅच भारतात घरी बसून साडेसातला बघता येते, आणि मैदानापासून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या माणसाला तिकीट नसेल तर रेडिओ लावावा लागतो. तिथल्या लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग चिडतात.

स्टेडियम ऑफ लाइट १९९७ साली उघडलं, मंकवेअरमथ कोळसा खाणीच्या जागेवर. बाहेर खाणकामगाराच्या दिव्याचं मोठं स्मारक आहे. भेटायची जागा ठरवायची तर तीच सांगा. फक्त ‘दिव्यापाशी’ एवढं सांगून भागत नाही, कारण सगळं शहर तेच सांगतं. कुठल्या बाजूला तेही ठरवा. खायला स्टॉटी शोधावा : जाड, गोल, चिवट पाव, त्यात हॅम आणि पीज पुडिंग. हे पीज पुडिंग म्हणजे पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं, फोडणी चुकलेलं घट्ट वरण. हॅम नको असेल तर नुसत्या पीज पुडिंगचाही मागता येतो, आणि पोट चांगलं भरतं.

संडरलंड २०१७ला प्रीमियर लीगमधून खाली गेलं, पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी घसरलं आणि तिसऱ्या स्तरावर चार मोसम राहिलं. मे २०२५मध्ये वेम्ब्लीवर प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात शेफील्ड युनायटेडविरुद्ध पंचाण्णवाव्या मिनिटाच्या गोलवर वर आलं. आठ वर्षांचा हा उपास. स्टँडमध्ये आठ-नऊ वर्षांची पोरं होती, ज्यांच्या आठवणीत संडरलंड या लीगमध्ये कधी नव्हतंच. शेजारच्या रांगेतले एक आजोबा नातवाला वेस्ट हॅमचे खेळाडू एकेक करून दाखवत होते. गंमत अशी की नातवाला ते सगळे व्हिडिओ गेममुळे आधीच पाठ होते, आणि आपल्याच संघातले निम्मे दोघांनाही ओळखू येत नव्हते. उन्हाळ्यात क्लबने दहा कोटी पौंडांच्या वर खर्च केला. जाका कप्तान म्हणून आला, आणखी बरेच आले. मॅचआधी सगळं मैदान एक जुनं संथ प्रेमगीत म्हणतं. आपल्याला शब्द येत नसले तरी मफलर दोन्ही हातांत ताणून उभं राहावं, चालतं.

पहिला अर्धा भाग सावध. लोक ओरडत होते, पण आतून धाकधूक. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, आधीच्या सलग दोन मोसमांत वर आलेले तिन्ही संघ त्याच वर्षी परत खाली गेले होते. त्या मोसमापासून नवा नियम आला, गोलकीपरने चेंडू आठ सेकंदांच्या वर हातात ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून बोटांनी मोजतो. वेस्ट हॅमच्या कीपरने चेंडू पकडला की स्टँड रेफ्रीच्या आधीच मोजायला लागायचं, आणि अर्थातच भलत्या वेगाने.

एकसष्टाव्या मिनिटाला मायेंडाचं हेडर. त्र्याहत्तराव्याला बॅलार्डचं हेडर. ज्यादा वेळेत इसिदोर. ३-०. पाहुण्यांच्या कोपऱ्यातल्या खुर्च्या तोवर बऱ्याच रिकाम्या झाल्या होत्या. पण नीट बघा : खरेदीवर एवढा पैसा ओतला आणि तिन्ही गोल केले ते गेल्या मोसमातल्याच पोरांनी. मायेंडाने वेम्ब्लीवर बरोबरीचा गोल केला होता, बॅलार्डने त्याआधी उपांत्य फेरीत कॉव्हेंट्रीविरुद्ध शेवटच्या क्षणी. बाहेर पडणाऱ्या गर्दीला हीच गोष्ट सगळ्यात जास्त सुखावत होती. संघ विकत आणला म्हणून टोमणे मारणाऱ्यांना आयतं उत्तर मिळालं.

मेट्रोच्या रांगेत लगेच आकडेमोड. “आता सदतीस.” चाळीस गुण झाले की लीगमध्ये टिकलो, हा तिथला जुना ठोकताळा. खरं तर २०२४-२५मध्ये खाली गेलेल्या, अठराव्या क्रमांकावरच्या लेस्टरचे गुण होते २५, त्याआधीच्या वर्षी ल्यूटनचे २६. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसवरही जीव वाचला असता. पण हे रांगेत सांगून बघा, कुणी ऐकत नाही. चाळीस म्हणजे चाळीस. रात्री मँचेस्टर सिटीने वुल्व्ह्जला ४-० हरवल्यावर गुणतक्त्यात संडरलंड दुसरं दिसत होतं, गोलफरकात टॉटनहॅमच्या बरोबरीने. त्या तक्त्याचे स्क्रीनशॉट किती जणांच्या फोनवर साठले असतील, देव जाणे.

मॅचनंतर सेंट पीटर्सच्या रांगेत पाऊण तास सहज जातो. पुलावरून चालत संडरलंड स्टेशनला गेलात तर पंधरा मिनिटं लागतात आणि बसायला जागाही मिळते.

रात्री मुक्काम न्यूकॅसलला. तिथल्या पबमध्ये संडरलंडचं नाव कुणी काढत नव्हतं. विषय होता न्यूकॅसलचा मुख्य स्ट्रायकर इसाक. त्याला लिव्हरपूलला जायचं होतं, तो खेळत नव्हता, आणि दुपारी अॅस्टन व्हिलाविरुद्ध शेवटची वीस-पंचवीस मिनिटं समोर दहाच माणसं असूनही न्यूकॅसलला गोल करता आला नव्हता. त्याच्या जागी गॉर्डन खेळला होता. ०-० ची मॅच आणि शिव्या मात्र न खेळलेल्या माणसाला.

रविवार, १७ ऑगस्ट : ओल्ड ट्रॅफर्ड

रविवारचा रेल्वेप्रवास इंग्लंडमध्ये जरा भरवशाचा नसतो. रुळांची कामं रविवारी निघतात आणि गाडीच्या जागी बस येते. आदल्या रात्री बघून ठेवा आणि ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधीची गाडी धरा. मँचेस्टरमध्ये पिकॅडलीहून ट्रामने ओल्ड ट्रॅफर्ड थांबा, तिथून क्रिकेटचं मैदान ओलांडून दहा-पंधरा मिनिटं चालत. परतताना त्याच थांब्यावर झुंबड उडते. एक्सचेंज कीला चालत गेलात तर दुसरी लाइन मिळते.

साडेचारची मॅच, मँचेस्टर युनायटेड विरुद्ध आर्सेनल. बाहेर रोष तिकिटांच्या दरांवर होता. डिसेंबर २०२४मध्ये क्लबने मोसमाच्या मध्यातच उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला, मुलांची आणि ज्येष्ठांची सवलतही त्यात गेली. तो राग उन्हाळ्यात विरलेला नव्हता. त्यात संघ आदल्या मोसमात ४२ गुणांवर पंधरावा.

तेराव्या मिनिटालाच गोल खाल्ला. राइसचा कॉर्नर, गोलसमोर खेचाखेची, कीपर बायिंदिरचा हात चेंडूला धड लागलाच नाही आणि कालाफिओरीने डोक्याने आत ढकलला. आर्सेनलचे समर्थक कॉर्नर मिळाला तेव्हाच गोल झाल्यासारखे उठले होते. सेट पीसवरून (कॉर्नर, फ्री किक अशा थांबलेल्या चेंडूवरच्या डावांवरून) त्यांचं स्वतंत्र गाणंच आहे, आणि ते त्यांनी नंतर तासभर म्हटलं. घरच्या स्टँडमधून कीपरवर फाऊल झाला म्हणून आरडाओरडा, तोही अर्ध्या मनाने. बहुतेकांना दिसलं होतं ते दिसलं होतं.

यानंतर जे झालं ते अनपेक्षित होतं. आदल्या मोसमात अशा वेळी मैदान गप्प व्हायचं किंवा मालकांविरुद्ध घोषणा सुरू व्हायच्या. या वेळी नवे आलेले म्ब्यूमो आणि कुन्या चेंडू घेऊन वळले की रांगाच्या रांगा उभ्या राहात होत्या. डोर्गूचा फटका खांबावर आदळला. युनायटेडचे गोलवर २२ प्रयत्न, आर्सेनलचे त्याच्या निम्मेही नाहीत. निकाल ०-१. आणि शेवटच्या शिट्टीनंतर टाळ्या, चक्क मनापासून.

ट्रामच्या रांगेत दोन तट पडलेले होते. एकांचं म्हणणं, असं खेळलो तर यंदा वर येणार. दुसरे म्हणत होते, गोल कोण करणार आणि गोलमध्ये उभं कोण राहणार हे ठरेपर्यंत टाळ्या कसल्या वाजवता? दुसरा गट संख्येने लहान आणि वयाने मोठा होता. माझं मत त्यांच्या बाजूचं. ऑगस्टमधला चांगला पराभव दोन-तीन आठवडेच चांगला राहतो.

आर्सेनलची मंडळी मात्र तीन गुण खिशात घालून कुरकुरत होती : ग्योकेरेसला चेंडूच मिळाला नाही, मधली फळी हरवली. जिंकून नाराज होण्याची ही सवय वरच्या संघांत सगळीकडे सारखीच.

सोमवार, १८ ऑगस्ट : एलंड रोड

मँचेस्टर ते लीड्स तासाभराचा रस्ता, दिवस मोकळा. लीड्सच्या या मैदानावर एव्हर्टनविरुद्धची मॅच आठला. लीड्स स्टेशनजवळच्या सॉव्हरिन स्ट्रीटवरून मॅचच्या बस सुटतात. चालत गेलं तर अर्धा-पाऊण तास. मैदानाच्या कोपऱ्यावर बिली ब्रेम्नरचा पुतळा आहे, समोर ओल्ड पीकॉक पब. खाण्यासाठी फिश अँड चिप्सच्या दुकानाची रांग साडेसहाच्या आत गाठा, सातनंतर ती फुटपाथभर होते. पिंट आत घेता येते, पण मैदान दिसेल अशा ठिकाणी पिता येत नाही, तसा १९८५चा कायदा आहे. म्हणून हाफटाइमला पायऱ्यांखाली चेंगराचेंगरी. हाफटाइमच्या पाच मिनिटं आधी उठणारे शहाणे नव्हेत, बऱ्याचदा गोल तेव्हाच होतो. खाणंपिणं मॅचआधी उरकावं हे बरं.

लीड्स आदल्या मोसमात १०० गुण मिळवून चॅम्पियनशिप (दुसऱ्या स्तरावरची लीग) जिंकून वर आलं. तरी लोक प्रशिक्षक फार्कवर पूर्ण खूश नव्हते, कारण स्ट्रायकर. चॅम्पियनशिपमध्ये १९ गोल करणारा पिरो या स्तरावर चालेल का, याची शंका सगळीकडे. एलंड रोड सदतीस-साडेसदतीस हजारांचं, अ‍ॅनफिल्डच्या मानाने लहान, पण छत खाली आणि स्टँड रेषेला चिकटून. त्यामुळे आवाज जास्त अंगावर येतो. पहिल्या अर्ध्यात एव्हर्टन जवळपास दिसलंच नाही. लीड्सचं सगळं चांगलं, फक्त गोल नाही, आणि जसजशी मिनिटं सरत गेली तसतसं गाण्यांच्या मधलं अंतर वाढत गेलं. एव्हर्टनचा ग्रीलिश बदली म्हणून उतरला तेव्हा शिट्ट्या अशा काही वाजल्या की थोडा वेळ सगळ्यांना आपली चिंता विसरायला झाली.

मग लीड्सच्या श्टाखचा फटका एव्हर्टनच्या टार्कोव्स्कीच्या हाताला लागला. हात अंगाजवळ होता, पण तो चेंडूकडे झुकला. पेनल्टी. व्हीएआरनेही, म्हणजे व्हिडिओ रेफ्रीनेही, बदलली नाही. ८४व्या मिनिटाला घेतली ती पिरोच्या जागी आलेल्या लुकास न्मेचाने, पदार्पणातच. १-०. हाताच्या नियमावर दोन्ही बाजूंचे लोक बस येईपर्यंत वाद घालत होते. एव्हर्टनवाल्यांचं म्हणणं, हात अंगाला चिकटलेला असताना पेनल्टी कसली? लीड्सवाल्यांचं, खांदा कुठे गेला ते बघा. नियम हाताची जागा आणि हालचाल दोन्ही बघायला सांगतो, म्हणून असे निर्णय कुणालाच पूर्ण पटत नाहीत.

एव्हर्टनच्या मंडळींना फार दुःखही नव्हतं. पुढच्या रविवारी गोदीवरच्या नव्या स्टेडियममध्ये लीगची पहिली मॅच होती, सगळं लक्ष तिकडे. सोमवारच्या मॅचला बाहेरगावाहून येणार असाल तर एक ध्यानात ठेवा : मॅच दहाच्या सुमारास संपते, बस भरून सुटायला वीस मिनिटं, आणि साडेदहानंतर लांबच्या गाड्या विरळ होतात. मँचेस्टरची शेवटची गाडी चुकली तर सकाळशिवाय इलाज नाही. लीड्समध्येच खोली घ्या, आणि ती मॅचची तारीख जाहीर होताच घ्या. टीव्हीसाठी मॅच हलली तर रद्द करता येईल अशा दराने.